कशाचे दोन टक्के?

आधी माझी चूक. मागच्या अंकात पीएमएसची, म्हणजे आपली गुंतवणूक व्यावसायिकाकडून सांभाळून घ्यायच्या सेवेची, किमान रक्कम मी २५ लाख रुपये लिहिली. ती २०२० च्या आधीची. आता ५० लाख आहे. नारायण पेठेतल्या एका वाचकांनी पोस्टकार्डावर कळवलं, तेही लाल शाईने, आणि खाली दोन रेघा मारून. शाई जरा जास्त झाली, पण चूक ती चूकच.

या वेळी पत्रं बरीच आली. एका पत्रालाच निम्मा अंक लागेल असं दिसतंय, म्हणून बाकीची दोन थोडक्यात.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ६८. भोसरीत नोकरी करून निवृत्त झालो. वाघोलीजवळची वडिलोपार्जित जमीन भावांनी मिळून विकली. माझ्या वाट्याचे पैसे बँकेत आले, आणि आठ दिवसांत बँकेतली रिलेशनशिप मॅनेजर घरी आली. एआयएफ नावाचा खाजगी गुंतवणूक फंड तिने सुचवला. एक कोटीचा करार केला. वर्षभरात त्यांनी मागितले तसे २५ लाख भरले. आता पत्रक आलंय आणि त्यात माझ्या पैशांची किंमत २१ लाख ७० हजार दाखवली आहे. एकही गुंतवणूक बुडालेली नाही, सगळ्या खरेदीच्या किमतीलाच आहेत, असं तेच म्हणतात. मला ‘फी दोन टक्के’ सांगितली होती. पंचवीस लाखांचे दोन टक्के म्हणजे पन्नास हजार. मग माझे ३ लाख ३० हजार गेले कुठे? मुलगा म्हणतो फसवलं. बायको काही म्हणत नाही, नुसती बघते. ते जास्त लागतं.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : पत्रासोबत तुम्ही पत्रकाची आणि करारातल्या काही पानांची झेरॉक्स जोडलीत हे फार बरं केलंत. नाहीतर मी अंदाजपंचे काहीतरी लिहिलं असतं. तुम्हाला फसवलेलं नाही. निदान कागदावर तरी नाही. सगळं लिहिलेलं आहे, पण ते ज्या पानावर आहे तिथपर्यंत कुणी पोचत नाही.

कोथरूडकरांना हे फ्लॅटच्या भाषेत लगेच कळेल. पूर्वी बिल्डर फुटाचा भाव सांगायचा तो सुपर बिल्टअपचा. राहायचं मात्र कार्पेटमध्ये. जिना, लिफ्ट, वॉचमनची खोली यांचेही फूट आपण मोजून द्यायचो. ‘फुटाला काय भाव?’ हे सगळेच विचारत, ‘कुठल्या फुटाला?’ हे विचारायला आपण ठेचकाळत शिकलो, आणि २०१७ मध्ये महारेरा आल्यावर कार्पेट सांगणं बिल्डरला भाग पडलं. तुमचे दोन टक्के सुपर बिल्टअपवरचे आहेत. तुम्ही भरले २५ लाख, पण कबूल केलेत १ कोटी. फी कबूल रकमेवर आहे.

आता तुमचाच हिशेब. एक कोटीचे दोन टक्के २ लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी ३६ हजार. झाले २ लाख ३६ हजार. फंड उभा करण्याचा एकदाच घ्यायचा खर्च तुमच्या करारात अर्धा टक्का आहे, तोही कबूल रकमेवर : ५० हजार, अधिक जीएसटी ९ हजार. म्हणजे ५९ हजार. चालू खर्चात तुमचा वाटा, करासकट, ३५ हजार. तिन्हींची बेरीज करा. बरोबर ३ लाख ३० हजार. नुसती व्यवस्थापन फी धरली तरी तुम्ही प्रत्यक्ष भरलेल्या पैशांवर ती साडेनऊ टक्क्यांच्या आसपास जाते. सगळं मिळून १३ टक्क्यांच्या वर.

हे दरवर्षी इतकं भयंकर दिसणार नाही. पुढचे हप्ते भरले जातील तसा भरलेला पैसा वाढेल, फी मात्र तेवढीच राहील. खाजगी फंडात पहिली दोन-तीन वर्षं किंमत भरलेल्या पैशाच्या खाली असणं हे नेहमीचंच आहे, कारण खर्च पहिल्या दिवसापासून लागतो आणि फळ उशिरा येतं. हे त्या मुलीने तुमच्या दिवाणखान्यात बसून, पहिला चहा संपायच्या आत सांगायला हवं होतं. माझा राग आहे तो एवढ्यासाठी.

मी हे का ठामपणे सांगते आहे? मी बावीस वर्षं नरिमन पॉइंटच्या एका ऑफिसात अशाच फंडांचे हिशेब लिहिले. सोमवारी सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, शुक्रवारी परत. तिथे आम्ही ज्याला ‘फी बेस’ म्हणायचो, म्हणजे टक्का कशावर मोजायचा तो आकडा, त्यावर जितकी भांडणं व्हायची तितकी टक्क्यावर कधीच नाही. टक्का सगळ्यांना दिसतो, त्यामुळे त्यावर घासाघीस करून गुंतवणूकदार खूश होतो. खरं काम खालच्या ओळीत झालेलं असतं.

तुमच्या करारात पुढची ओळ आहे, ती जपून वाचा. पहिली चार वर्षं, म्हणजे नवीन गुंतवणुकी करण्याचा काळ, फी कबूल रकमेवर. त्यानंतर ‘गुंतवलेल्या आणि अजून न विकलेल्या रकमेवर’. ही ओळ तुमच्या बाजूची आहे. समजा पाचव्या, सहाव्या, सातव्या वर्षी फंडात तुमच्या वाट्याचे ७०, ४५ आणि २० लाख शिल्लक असतील, तर त्या तीन वर्षांची फी २ लाख ७० हजार. आधीच्या चार वर्षांचे ८ लाख धरून १० लाख ७० हजार, जीएसटीसह १२ लाख ६३ हजारांच्या जवळपास. ती ओळ नसती तर सात वर्षांचे १४ लाख, करासह १६ लाख ५२ हजार. जवळजवळ चार लाखांचा फरक, एका ओळीचा. मात्र बुडीत निघालेली गुंतवणूक त्या ‘न विकलेल्या’ रकमेतून वजा होते का, हे तुम्ही पाठवलेल्या पानांत नाही. जी कंपनी शून्यावर आली आहे तिच्यावर फी का द्यायची? हे लेखी विचारा.

अजून एक. मुदत संपली की फंड बंद होईलच असं नाही. सेबी, म्हणजे शेअर बाजारावर आणि फंडांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिच्या नियमांनुसार किंमतीने दोन-तृतीयांश युनिटधारकांनी मान्यता दिली तर मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवता येते. वाढीव काळात फी चालू राहणार की नाही, हेही करारात असतं. मतदानाचा कागद येईल तेव्हा तो न वाचता सही करून पाठवू नका.

मुळात सेबीने २०१२ मध्ये या फंडांचे नियम केले तेव्हा किमान एक कोटीची अट घातली. म्युच्युअल फंडाच्या खर्चाला सेबीने कमाल मर्यादा ठरवून दिली आहे, एआयएफच्या फीला तशी नाही. इथे सेबी सांगते ते एवढंच, की जे घेणार आहात ते माहितीपत्रकात, म्हणजे त्या जाडजूड पीपीएममध्ये, लिहा आणि लिहिलंय तसंच वागा. एक कोटी लावणारा माणूस जाणता असणार, ही त्यामागची समजूत. वाघोलीची जमीन विकून आलेला माणूस एका रात्रीत जाणता कसा होतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता वाट्याचं. तुमचं मूळ गाव जमिनीचं, त्यामुळे खंड आणि अर्धली यातला फरक तुम्हाला मी सांगायची गरज नाही. खंडाने जमीन दिली की पीक येवो न येवो, ठरलेली रक्कम. अर्धलीने दिली की पिकाचा वाटा. फंड चालवणारा तुमच्याकडून दोन्ही घेतो. दोन टक्के हा त्याचा खंड. आणि नफ्यातले वीस टक्के हा वाटा, ज्याला ते ‘कॅरी’ म्हणतात. वीस टक्क्यांची ही चाल जुनी आहे. अमेरिकेत १९४९ मध्ये आल्फ्रेड विन्स्लो जोन्स यांनी काढलेल्या फंडात नफ्याचा पाचवा हिस्सा घ्यायची पद्धत पडली आणि ती जगभर पसरली.

तुमच्या करारात लिहिलंय : ‘हर्डल १० टक्के, कॅरी २० टक्के, फुल कॅच-अप.’ पहिले दोन शब्द तुम्हाला समजावून सांगितले गेले असणार. दहा टक्क्यांच्या पुढे गेल्यावरच आम्ही वाटा घेणार, असं. ऐकायला छान आहे. तिसरा शब्द कुणी समजावला का?

सोपं जावं म्हणून धरा की एक कोटी पहिल्याच दिवशी कामाला लागले आणि सहा वर्षांनी, फी आणि खर्च जाऊन, त्यांचे २ कोटी २० लाख झाले. नफा १ कोटी २० लाख. दहा टक्के चक्रवाढीने सहा वर्षांत एक कोटीवर ७७ लाख १६ हजार व्हायला हवेत. तेवढा तुमचा पहिला हक्क. उरले ४२ लाख ८४ हजार. कॅच-अप नसेल तर त्याचे वीस टक्के, ८ लाख ५७ हजार, हा त्यांचा वाटा. पण फुल कॅच-अप म्हणजे तुमचे ७७ लाख झाले की पुढचे सगळे पैसे आधी त्यांना, ते तुमच्या बरोबरीला येईपर्यंत. म्हणजे एकूण नफ्याचे वीस टक्के त्यांच्या पदरात पडेपर्यंत. मग उरलेल्याची ८०-२० वाटणी. बेरीज करून पाहा. त्यांचा वाटा २४ लाख होतो, म्हणजे सगळ्या १ कोटी २० लाखांचे सरळ वीस टक्के. फरक १५ लाख ४३ हजार. म्हणजे हर्डल नावाचा उंबरठा एकदा ओलांडला की तो उंबरठा होता हेही ते विसरतात.

कॅच-अप हा अन्याय आहे असं मी म्हणत नाही. मोठमोठ्या परदेशी पेन्शन फंडांच्या करारांतही तो असतो. पण त्यांना तो माहीत असतो, आणि ते त्याच्या बदल्यात दुसरं काहीतरी मागून घेतात.

वाटा कधी काढतात, हे दुसरं. तुमच्या करारात आधी सगळ्या फंडाचं मुद्दल आणि दहा टक्के परत, मग त्यांचा वाटा, असं आहे. चांगलं आहे. काही फंडांत सौद्यागणिक वाटा काढतात. पहिली कंपनी तिप्पट भावाने विकली, वाटा घेऊन मोकळे. नंतरच्या चार बुडाल्या तर घेतलेला वाटा परत करायचं कलम करारात हवं, आणि ते नुसतं कलम असून भागत नाही. तोवर ते पैसे बोनस म्हणून वाटले गेलेले असतात.

आता चालू खर्च. हे मंगल कार्यालयासारखं आहे. हॉलचं भाडं ठरतं, आपण खूश. मग वीज वेगळी, जनरेटर वेगळा, सफाई वेगळी, स्टेजवाला त्यांचाच घ्यायचा, केटरर बाहेरचा आणला तर त्याचे वेगळे. फंडातही व्यवस्थापन फी म्हणजे नुसता हॉल. ऑडिटर, ट्रस्टी, कस्टोडियन, रजिस्ट्रार, मूल्यांकन करणारा, वकील हे सगळे फंडाच्या, म्हणजे तुमच्या खिशातून. तुमच्या करारात या खर्चाला वर्षाला ०.३५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण त्यापुढचं वाक्य वाचा : ‘सौद्याशी संबंधित खर्च, कायदेशीर वाद आणि कर वगळून.’ कार्यालयवाला म्हणतो तसं, ‘बाकी सगळं पॅकेजमध्ये.’

सौद्याचा खर्च हा माझा जुना ठणका आहे. एकदा एक व्यवहार मोडला. तपासणी झाली होती, वकिलांची बिलं आली होती, कंपनीच्या मालकाने आयत्या वेळी नकार दिला. सगळी बिलं माझ्या टेबलावर आली आणि वरून सांगितलं गेलं, स्कीममध्ये, म्हणजे फंडाच्या खर्चात, टाका. त्या सौद्यात फंडासोबत आमच्याच मोठ्या साहेबांपैकी काहीजण स्वतःचे पैसेही लावणार होते. सौदा झाला असता तर नफा त्यांनाही मिळणार होता. मग मोडलेल्या सौद्याचा खर्च त्यांच्या वाट्याला का नाही? मी विचारलं. उत्तर आलं, ‘असंच करतात.’ मी एंट्री टाकली. टाकायला नको होती. त्या शुक्रवारी परतीच्या गाडीत डायनिंग कारमधला कटलेट घशाखाली उतरला नाही एवढंच आठवतंय.

पुढे २०१५ मध्ये याच गोष्टीसाठी एसईसीने, म्हणजे अमेरिकेच्या सेबीने, केकेआरवर कारवाई केली. क्रिकेटवाले नव्हे, खाजगी फंडांच्या धंद्यातलं मोठं नाव. मोडलेल्या सौद्यांचा खर्च फंडातल्या गुंतवणूकदारांवर टाकला आणि सोबत पैसे लावणाऱ्या आपल्या माणसांना त्यातून वगळलं, असा आक्षेप होता. आरोप मान्यही न करता आणि न नाकारताही कंपनीने जवळपास ३ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. त्याच वर्षी ब्लॅकस्टोनवरही कारवाई झाली, ती वेगळ्या फीसाठी. फंड ज्या कंपन्या विकत घेतो त्यांच्याकडूनही देखरेखीची फी घेतो. कंपनी विकताना पुढच्या वर्षांची फीसुद्धा एकदम उचलायची आणि हे गुंतवणूकदारांना आधी नीट सांगायचं नाही, असं ते प्रकरण होतं. तिथे आकडा जवळपास ३ कोटी ९० लाख डॉलर. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०१४ मध्ये, एसईसीच्या तपासणी विभागाचे प्रमुख अँड्र्यू बोडेन यांनी एका भाषणात सांगितलं होतं की फी आणि खर्च यांची तपासणी केली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा नियमभंग किंवा नियंत्रणातल्या मोठ्या त्रुटी आढळल्या. आणि हे कुणाच्या पैशांबाबत? ज्यांच्याकडे वकिलांची फौज असते अशा संस्थांच्या. कॅल्पर्स हा कॅलिफोर्नियातल्या सरकारी नोकरांचा प्रचंड मोठा पेन्शन फंड. त्यांनी १९९० पासून खाजगी फंडांना नफ्यातला वाटा म्हणून किती दिले याचा एकत्रित आकडा जाहीर केला तो थेट २०१५ मध्ये : ३४० कोटी डॉलर. तोवर तो त्यांनाही नीट मांडता येत नव्हता. तेव्हा तुमच्या मुलाला सांगा, बाबा भोळे आहेत म्हणून हे झालेलं नाही.

त्या रिलेशनशिप मॅनेजरचं काय, हेही तुम्ही आडून विचारलंय. बँकेला वितरणाचं कमिशन मिळतं. सेबीने एप्रिल २०२३ मध्ये नियम बदलला. तुमच्यासारख्या दुसऱ्या श्रेणीच्या फंडात एकूण कमिशनच्या जास्तीत जास्त एक-तृतीयांश सुरुवातीला देता येतं, उरलेलं फंडाच्या मुदतीत दरवर्षी समान. आणि प्रत्येक योजनेत ‘डायरेक्ट’ पर्याय ठेवणं बंधनकारक केलं, ज्यात वितरणाचं कमिशन नसतं. तुमचे युनिट कुठल्या वर्गाचे आहेत ते पत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आहे. ते डायरेक्ट नाहीत. तुम्हाला डायरेक्टबद्दल सांगितलं होतं का? ‘नाही’ हे तुमचं उत्तर मला इथूनच ऐकू येतंय.

आता काय करायचं. सगळ्यात आधी काय करायचं नाही ते. रागाच्या भरात पुढचा हप्ता थांबवू नका. तुम्ही ७५ लाख अजून देणं लागता आणि करारात हप्ता चुकवणाऱ्याला व्याज तर आहेच, शिवाय त्याचे काही युनिट जप्त करण्याचा अधिकार फंडाला आहे. बँकेतली एफडी मोडायला वेळ लागला म्हणून हप्ता चुकलेले लोक मी पाहिले आहेत. मागणीचं पत्र आल्यावर साधारण दहा-पंधरा दिवस मिळतात, तुमच्या करारात किती ते बघून ठेवा आणि त्या बेताने पैसे मोकळे ठेवा.

मग फंडाच्या गुंतवणूकदार विभागाला ई-मेल करा. बँकेला नको, फंडाला. फोनही नको. तीन गोष्टी मागा. पहिल्या वर्षाच्या वजावटीचा आकडेवार तपशील, कलमाच्या क्रमांकासह. बुडीत गुंतवणूक फीच्या हिशेबातून वगळणार का. आणि व्यवस्थापक, प्रायोजक किंवा त्यांच्याशी संबंधित कुठल्याही कंपनीने फंडाकडून किंवा फंडाने पैसे लावलेल्या कंपन्यांकडून कुठली फी घेतली. ही तिसरी माहिती गुंतवणूकदारांना वेळोवेळी देणं सेबीच्या २०१२ च्या नियमांतच आहे. ते उपकार करत नाहीयेत. अशी फी घेतली असेल तर ती तुमच्या व्यवस्थापन फीतून वळती होते का, हे त्याच दमात विचारा. शिवाय पीपीएमप्रमाणे कारभार चालला की नाही याचं दरवर्षी ऑडिट करायची सक्ती सेबीने २०२० पासून केली आहे. त्याचाही उल्लेख करा. समोरच्याला कळतं की पत्र लिहिणाऱ्याने पान उलटलंय. उत्तर आलं नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’वर तक्रार करता येते.

आणि हा अंक वहिनींच्या हातात द्या. ३ लाख ३० हजारांचा हिशेब त्यांना तुम्हीच वाचून दाखवा, मुलाने नको.

प्रश्न : मी डॉक्टर आहे. दीड वर्षापूर्वी पीएमएसमध्ये ५० लाख ठेवले. ठराविक फी नको, नफ्यावर २० टक्के, असा पर्याय घेतला. वर्षअखेरीला ५० चे ६० झाले तेव्हा फी घेतली. मग बाजार पडला आणि ४८ वर आले. आता ५५ आहेत. पुन्हा सात लाखांच्या वाढीवर फी द्यायची का? बँकेतले गृहस्थ म्हणतात, याच कंपनीच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या नव्या स्ट्रॅटेजीत जा.
— सहकारनगर, पुणे

उत्तर : नाही. नफ्यावरची फी पीएमएसमध्ये ‘हाय वॉटर मार्क’ने घ्यावी लागते. मुठेला पूर आला की भिडे पुलाजवळच्या भिंतींवर पाण्याची रेघ उमटते ना, तसं. आधीच्या सर्वांत उंच रेघेच्या वर पाणी गेलं तरच नवीन फी. तुमची रेघ दहा लाखांच्या नफ्यावरची २ लाख फी आणि ३६ हजार जीएसटी जाऊन ५७ लाख ६४ हजारांवर आहे असं धरलं, तरी ५५ लाख तिच्या खालीच आहेत. ४८ वरून ५५ ही चढण तुम्हाला फुकट आहे. त्यासाठी तुम्ही आधीच पैसे मोजलेत.

आणि म्हणूनच त्या गृहस्थांचं ऐकण्याआधी दोनदा विचार करा. नवीन कंपनीत गेलात की भिंत कोरी. तिथे ५५ लाखच पहिली रेघ होणार. ते ६० झाले तर पाच लाखांवर वीस टक्के, एक लाख रुपये आणि वर जीएसटी. जुन्या ठिकाणी तोच प्रवास केला तर फी लागेल ती ५७ लाख ६४ हजारांच्या वरच्या तेवढ्याच भागावर. त्याच कंपनीच्या दुसऱ्या स्ट्रॅटेजीत गेलात तर जुनी रेघ सोबत येते का, हे लेखी घ्या. शिवाय बाहेर पडायचे पैसे : सेबीच्या नियमाने पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ३ टक्के, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी १, नंतर काही नाही. तुम्ही दुसऱ्या वर्षात आहात, म्हणजे ५५ लाखांवर १ लाख १० हजारांपर्यंत. तुमच्या करारात कमी असेल तर उत्तमच.

दलाली सोडून बाकी चालू खर्चाला पीएमएसमध्ये वर्षाला अर्ध्या टक्क्याची मर्यादा आहे आणि सुरुवातीची फी घ्यायला बंदी आहे, दोन्ही २०२० पासून. या बाबतीत तुमची स्थिती वरच्या कोथरूडच्या वाचकांपेक्षा बरी.

फी भांडवली नफ्यातून वजा होते का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. आयकर अपील न्यायाधिकरणाच्या आपल्या पुण्याच्या पीठाने पीएमएसची फी वजा करू दिल्याचा निकाल आहे आणि मुंबईच्या पीठाने नाकारल्याचाही. सीएला दोन्ही निकाल समोर ठेवून ठरवू दे. चितळ्यांच्या दुकानासमोरच्या रांगेत मिळालेल्या सल्ल्यावर विवरणपत्र भरू नका. हे मी उगाच लिहीत नाहीये.

प्रश्न : हिंजवडीत नोकरी करतो. आमच्या एका सिनियरने वीस-बावीस जणांचे प्रत्येकी ५ लाख घेऊन ‘प्रायव्हेट फंड’ सुरू केलाय. महिना ३ टक्के नक्की, आणि फी शून्य. तुमच्या सदरात नेहमी फीबद्दल वाचतो, म्हणून विचारतो. फी नसलेला फंड चांगलाच ना?
— वाकड

उत्तर : महिना ३ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर. एवढं ज्याला नक्की कमावता येतं तो तुमचे पाच लाख कशाला मागेल? बँकेकडून बारा-चौदा टक्क्यांनी कर्ज काढेल आणि मधले सगळे स्वतः ठेवेल. आणि फी शून्य, तर तो हे सगळं कशासाठी करतोय, हा प्रश्न तुमच्या बावीस जणांपैकी एकानेही विचारला नाही का?

अनेकांचे पैसे एकत्र करून ठरलेल्या धोरणाने गुंतवायचे, तर सेबीकडे नोंदणी लागते. एआयएफ म्हणावं तर एरवी किमान एक कोटी लागतात, पाच लाखांत होत नाही. आणि परताव्याची खात्री देऊन लोकांकडून नोंदणीशिवाय ठेवी गोळा करणं २०१९ च्या कायद्याने गुन्हा आहे, सिनियर असला तरी. त्याच्याकडे नोंदणी क्रमांक मागा. ‘आपल्यातच तर आहे’ हे उत्तर क्रमांक म्हणून धरू नका. क्रमांक मिळालाच तर सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः शोधा, त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये नाही. सापडला तर मला कळवा, मी पुढच्या अंकात माझी चूक कबूल करेन. लाल शाईने लिहिलंत तरी चालेल. तोवर पाच लाख तुमच्याच खात्यात राहू द्या.